माळ्यावरून उतरलेला पांगुळगाडा

मी पांगुळगाडा बोलतोय. वाकून ऐका, माझी उंची पोराच्या छातीएवढी. तीन चाकं आणि धरायला एक दांडा, बस्स. गोड बोलणं मला जमत नाही.

श्रीरामपूरजवळच्या वस्तीवर यशयाच्या बापानं यशयासाठी मला बाभळीच्या लाकडातून घडवून घेतलं. मग सगळ्या वस्तीनं वापरलं. ज्याचं पोर भिंत धरून उभं राहील त्यानं न्यायचं, चालायला लागलं की यशयाच्या घरी परत आणायचं. पोरं माझ्यावर मुतली, दांडा चावला. पुढं न्यायलाच कोणी येईना, तेव्हा यशयानं मला माळ्यावर टाकलं.

परवा मला भुंगा लागलेला दिसला म्हणून त्यानं खाली काढलं, तेल लावून अंगणात उन्हाला ठेवलं. समोरच्या विमलबाईनं बघितलं. यशयाच्या पोराच्या, रॉबिनच्या लग्नाला आठ वर्षं झालेली, घरात अजून पोर नाही. तिनं समजायचं ते समजून घेतलं.

"यशयाभाऊ, पेढे कधी मग?"

म्हातारा नुसता हसला.

संध्याकाळी सून सिल्व्हिया शाळेत शिकवून परत आली, तर विमलबाई साखर घेऊन दारात.

"तोंड उघड गं. आता यष्टीनं जात जाऊ नको, धक्के बसत्यात."

"मावशी, तसं काही नाही. गाड्याला भुंगा लागलाय."

"मग सासरा हसला कशापायी?"

सिल्व्हियानं म्हाताऱ्याकडं बघितलं. "बाबा, नाही म्हणायचं ना."

"म्हटलं, आज न्हाई तर उद्या खरं व्हईल."

"नाही होणार. रॉबिनचं कंत्राट दर वर्षी नवं. मी सकाळी जाते ती आत्ता येते. पोर कुणी बघायचं, तुमच्या गुडघ्यांनी? आणि हे सगळं जमलं असतं तरी मला नकोय, बाबा. रॉबिनलाही नकोय. आमचं बोलून झालंय."

"एक तरी असावं बाई," विमलबाई म्हणाली.

"तुमच्या करणला सांगा की."

"त्याला आधी पोरगी तर मिळू दे. शेती करतो म्हटलं की फोन ठेवत्यात." साखरेची वाटी तशीच घेऊन ती गेली.

मी कुणाची बाजू घेत नाही. चालायला शिकवणं माझं काम, पोर आणणं नाही.

म्हातारा बराच वेळ माझ्याजवळ बसला. उठताना त्यानं माझा दांडा धरला, पण मी कुठला पुरतोय त्याला. सुनेनं हात दिला.

"सिल्व्हिया, तुझ्या शाळंत कुणाचं ल्हान पोर असंल, तर नेऊ दे ह्याला."

"परत कधी आणायला सांगू?"

"नको सांगू."

तर मी अंगणात आहे. चाकं फिरतात. तुमच्या घरात कोणी भिंत धरून उभं राहत असेल तर न्या. नसेल तर नसू द्या. पण शोभेला भिंतीवर टांगू नका, त्यापेक्षा चुलीत घाला. बाभूळ चांगली जळते.