दुप्पट वाढणारा अ‍ॅरे

कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, नेटवर्क विभागात त्याला सगळे 'दुप्पट' म्हणत. मशीनवरची चालू कनेक्शन्स एका अ‍ॅरेत, म्हणजे मेमरीतल्या सलग रांगेत, नोंदलेली असत. रांग भरली की दुप्पट मेमरी मागायची, नोंदी तिकडे हलवायच्या आणि जुनी जागा सोडायची, एवढ्यावर त्याने आठ महिने काढले होते. आज पाच वाजता नव्या आवृत्तीचं दार बंद होणार होतं. कोड आत गेला नाही, तर अ‍ॅरेचं काम शेजारच्या टेबलावर जाणार होतं, आणि तिथला सहकारी सकाळपासून फार मायेने चहा विचारत होता.

तीन वाजता कोड तपासणाऱ्या बाईंनी हाक मारली. "या, दुप्पटराव. मशीनची समाधी लागलीय."

"माझ्याकडे तर चालतं," तो म्हणाला. त्या मजल्यावर हे वाक्य नमस्कारासारखं वापरत.

"तुमच्याकडे मेमरी रिकामी असते. इथे भरलीय. अ‍ॅरेने दुप्पट मागितली, मिळाली नाही. मग?"

"मग थांबायचं. कर्नल बिनकामाचा डेटा डिस्कवर टाकतो, जागा होते."

"डिस्क कुठंय?"

त्याने टेबलाखाली वाकून पाहिलं. "पलीकडच्या खोलीत. नेटवर्कवरून जोडलेली."

"म्हणजे जागा करायला नेटवर्क हवं. नेटवर्क तुमच्या अ‍ॅरेवर अडलंय. आणि अ‍ॅरे?"

"जागेसाठी." तो गोंधळला. "पण मग सुरुवात कुणी करायची?"

"मशीनही तेच विचारतंय."

"अ‍ॅरेला थांबूच नको म्हणून सांगू?"

"मग जागा नाहीच, कनेक्शन तुटणार. नेमकं डिस्कचं."

"दीडपट मागू?"

"दीडपट मागितली तरी मागितलीच ना हो! मशीन सुरू होताना सगळं रिकामं असतं. तेव्हाच चार हजार कनेक्शन्सची जागा धरून ठेवा."

"आणि वाढवायचं कधी?"

"नाही वाढवायचं. वर कुणी आलंच, तर नाही म्हणायचं."

त्याने सहाशे ओळी पुसल्या आणि एक आकडा लिहिला. मशीन बिनबोभाट चाललं. पाचला दहा कमी असताना कोड आत गेला.

"झाला का वाढणारा अ‍ॅरे?" सहकाऱ्याने पडेल आवाजात विचारलं.

"झाला. वाढत नाही, एवढंच."

अ‍ॅरेचं काम त्याच्याकडेच राहिलं. आता त्यात काम काय उरलंय, हे विचारायला तो बाईंच्या टेबलाशी गेला, तर त्या घरी गेल्या होत्या.