साखर भरलेली डबी

नाक मुरडू नका. तपासणीची डबी असले, तरी माझ्यात साखर आहे. ती कशी आली, ते ऐका.

मी पांढऱ्या प्लास्टिकची, लाल झाकणाची. कारखान्यातून बहिणींसोबत मुलांच्या दवाखान्यात आले. आमच्यात काय भरतात ते कळलं, तेव्हा आमचे चेहरेच पडले.

वॉर्डात खिडकीजवळच्या खाटेवर एक लहानगी होती. हाडांवर नुसती कातडी. आजी तिला मुंगी म्हणायची. दूध, औषध सगळं वेळेवर पोटात जात होतं, तरी वजनाचा काटा ढिम्म हलत नव्हता. डॉक्टरबाईंना क्षयाचा संशय आला. त्यांनी हातावर टोचून पाहिलं, पण गाठ उठली नाही.

"म्हणजे क्षय नाही ना?" आजीने आशेने विचारलं.

"तसं नाही हो आजी. गाठ उठायलाही अंगात ताकद लागते, ती हिच्यात कुठंय? बेडका तपासावा, तर एवढी लेकरं थुंकत नाहीत, गिळतात. दुसरी तपासणी करू."

सिस्टरनी मला आजीच्या हातात दिलं. वॉर्डभर माणसं बसलेली, तो शब्द उच्चारायला बिचाऱ्या लाजल्या. "आजी, सकाळी यात नमुना द्या."

"नमुना? आमच्या घरात एकच नमुना, हिचा बाप!"

सिस्टर हसल्या आणि तशाच पुढच्या खाटेकडे गेल्या.

सकाळी आजीने मला परत केलं, काठोकाठ साखर भरून. "नमुना-बिमुना मला काही कळलं नाही बाई. पण कुणाची डबी रिकामी कशी द्यायची?"

सिस्टरनी कपाळाला हात लावला. सकाळचं दुपटं केव्हाच धुऊन झालं होतं. दिवस वाया गेला, आणि मुंगीकडे असे दिवस फार उरले नव्हते. "आजी, शी! मुंगीची शी हवी! गिळलेला बेडका त्यातूनच बाहेर पडतो. त्यात क्षयाचे जंतू सापडतात."

"मग तसं सांगायचं की! लेकराच्या शीची कसली आलीय लाज?"

माझी बहीण आजीकडे गेली. आजी टपून बसली आणि काम फत्ते झालं. बहीण प्रयोगशाळेत गेली ती परतली नाही. तपासून झालं की आम्हाला जाळतात. पण डॉक्टरबाई जवळजवळ पळतच आल्या. "सापडला! औषध आजपासून सुरू." आजी ढसाढसा रडली. आजाराचं नाव ऐकून सुटकेने रडणारं माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

काटा हलला. आधी कुरकुरत, मग ऐटीत.

मी सिस्टरच्या टेबलावरच राहिले. आज मुंगी तपासणीला आली, आजीचं बोट सोडून, स्वतःच्या पायांनी. सिस्टरनी माझं झाकण उघडून चिमूटभर साखर तिच्या तळहातावर ठेवली. तिने ती चाटली आणि हात पुन्हा पुढे केला.

बहिणीचे आणि त्या आजीचे माझ्यावर फार उपकार आहेत. तुम्हाला एवढंच सांगते, लाजू नका, काय हवं ते सरळ सांगा.

मुंगी अजून हात पुढे करून उभी आहे. सिस्टर, द्या हो तिला. मला रिकामी होऊ द्या.