वाक्याचं शेपूट

गल्लीतली मुलं त्यांना बातमीकाका म्हणायची, कारण उभी हयात त्यांनी रेडिओवर बातम्या वाचल्या होत्या. निवृत्तीनंतर घरात त्यांना करमेना. दिसेल त्याचे उच्चार सुधारत फिरू लागले, तेव्हा लेकीनं त्यांना वाचनाचा ऑनलाइन वर्ग सुरू करून दिला. पुस्तकं ध्वनिमुद्रित करण्याचं काम हल्ली बरंच निघतं, ते करू पाहणाऱ्यांसाठी. रविवारी काका पडद्यावर शिकवायचे आणि विद्यार्थ्यांनी मधल्या दिवसांत आपलं वाचन रेकॉर्ड करून पाठवायचं.

शिकवण्यात काकांचा हात धरणारं कोणी नव्हतं. घोडं अडायचं ते शेऱ्यापाशी. कानाला हेडफोन लावून ते एकेक रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा ऐकत, कच्चा शेरा लिहीत, तो खोडत, मग पक्का लिहीत. शेरा असा उतरायचा की वाचणाऱ्यानं जपून ठेवावा. फक्त पहिल्या आठवड्याचा शेरा हातात पडेपर्यंत चौथा आठवडा उजाडलेला असे.

त्या तुकडीत औषधाच्या दुकानात काउंटरवर काम करणारी एक बाई होती. दुपारी दुकान बंद असलं की मागच्या खोलीत खोक्यांच्या मधे बसून ती वाचायची. आवाज भरीव, समज चांगली. खोड एकच होती. वाक्य झोकात उचलायची आणि शेवटी सोडून द्यायची. शेवटचा शब्द घशातच राहायचा. आता मराठीत सगळा निकाल शेवटच्या शब्दात असतो. माणूस आला, आला नाही की येणार होता, हे वाक्य संपल्याशिवाय कळत नाही. काकांच्या हे पहिल्याच दिवशी लक्षात आलं. त्यांनी ते टिपून ठेवलं आणि शेरा घोटायला घेतला.

शेरा गेला तेव्हा तिचं उत्तर लगेच आलं. तिनं लिहिलं होतं, ‘सर, अगदी पटलं. पण तुम्ही काही बोलला नाहीत, म्हणून मी धरून चालले की बरोबर आहे. रोज तसंच वाचत आले. आता तेच जिभेवर बसलंय.’

तक्रारीचा सूर कुठेच नव्हता, म्हणून काकांना ते जास्त लागलं. जेवताना त्यांनी लेकीला सांगितलं. ती फिजिओथेरपिस्ट होती; दिवसभर लोकांचे खांदे आणि गुडघे हलते करून दमून आलेली.

“बाबा, पेशंट गुडघा चुकीचा वाकवत असला तर मी तिथल्या तिथे हात धरते,” ती म्हणाली. “महिन्यानं सुंदर अक्षरात कळवत नाही.”

“मी विचार करून लिहितो, ताई.”

“लिहिता ना. पण वरातीमागून घोडं गेलं तर त्यावर बसायचं कुणी?”

दुसऱ्या दिवशी त्या बाईचं नवं रेकॉर्डिंग आलं आणि काकांनी तासाभरात उत्तर धाडलं. वाक्याचं शेपूट, श्वासाची जागा, ‘श’ आणि ‘ष’, वेग, पान उलटल्याचा आवाज, मागे घरघरणारा फ्रिज, काही म्हणून सोडलं नाही. पाठवल्यावर त्यांना हलकं वाटलं. या खेपेला उशीर झाला नव्हता.

त्यानंतर बाईकडून काहीच येईना. रविवारी वर्गात पडद्यावरचा तिचा चौकोन काळाच राहिला. काकांनी दोन दिवस वाट पाहिली आणि मग दुकानाच्या मधल्या सुट्टीत फोन केला.

ती रागावली नव्हती. कुठून सुरुवात करावी हेच तिला कळेना. एक गोष्ट सांभाळायला गेली की दुसरी सुटायची, आणि शेवटी साधा परिच्छेदही वाचता येईनासा झाला होता. “सर, मला वाटतं हे आपलं काम नाही,” ती म्हणाली.

काकांना वाटलं, आधी आपण हिला पाण्यात बुडू दिलं आणि मग वरून दोर टाकायचा सोडून अख्खं जाळं टाकलं. त्यांनी तिला कागद-पेन घ्यायला लावलं. तिचंच रेकॉर्डिंग लावलं आणि सांगितलं की बाकी सगळं सोडून द्या, प्रत्येक वाक्याचा शेवटचा शब्द जसा ऐकू येईल तसा लिहा. थोड्या वेळानं ती म्हणाली, “सर, कागद जवळपास कोराच आहे.” आणि तिला हसू आलं.

मग तिचं तिलाच उमगलं. काउंटरवर कुणाला कोणतं औषध कशासाठी, हे मागच्या गिऱ्हाइकाला कळू नये म्हणून ती बोलता बोलता आवाज खाली आणायची. इतकी वर्षं तेच करून जीभ त्याला सरावली होती. काका म्हणाले, ही खोड नव्हे, हा माणुसकीचा भाग आहे. फक्त पुस्तकाला लपवण्यासारखं काही नसतं.

“मग या आठवड्यात फक्त एवढंच?”

“एवढंच. बाकीचं बिनधास्त चुकू द्या. उद्या एकच परिच्छेद पाठवा, मी चहाच्या आधी ऐकतो.”

तसं सुरू झालं. तिचा परिच्छेद यायचा, काका सकाळी ऐकायचे आणि लिहीत न बसता चार वाक्यं बोलून पाठवायचे. सुरुवातीला तिचा प्रत्येक शेवटचा शब्द दारावर थाप मारल्यासारखा येऊ लागला. काकांनी सांगितलं, की पाहुणा आत आलाय, आता दार वाजवणं पुरे. हळूहळू थापा थांबल्या आणि शब्द राहिले. मगच काका श्वासाकडे वळले.

बाकीच्यांनाही त्यांनी हीच रीत लावली. ती त्यांच्या जिवावर यायची. अर्धवट घोटलेला शेरा पाठवताना बिनइस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडल्यासारखं वाटायचं. एका विद्यार्थ्यानं तर कळवलं, की पूर्वीचे शेरे वाचायला फार गोड होते. काका दिवसभर त्या वाक्यावर खूश होते, तरी जुन्या रीतीकडे वळले नाहीत.

कोर्स संपला. अंध मुलांसाठी पुस्तकं ध्वनिमुद्रित करणाऱ्या एका संस्थेत बाईनं आवाजाची चाचणी दिली. गोष्टींच्या पुस्तकांसाठी दुसऱ्या कुणाची निवड झाली. हिच्या वाट्याला विज्ञानाचं पाठ्यपुस्तक आलं. थोडी हिरमुसली, पण कामाला लागली. पहिला धडा तिनं काकांना पाठवला, सहज, ऐकायला म्हणून.

खिडकीपाशी बसून काकांनी तो ऐकला. सगळी क्रियापदं नीट पोचत होती. अभिनंदनाचा मोठा मजकूर त्यांच्या मनात तयारही झाला. पण एका जागी ते अडले. आकृतीचं वर्णन तिनं भराभर वाचून टाकलं होतं. दुसरा धडा तिला उद्या सकाळी वाचायचा होता.

त्यांनी मोठा मजकूर बाजूला ठेवला आणि लिहिलं, ‘शेवटचे शब्द सगळे पोचले. आकृतीपाशी जरा थांबत जा. ऐकणाऱ्या मुलाला ती मनात काढायची असते.’

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचं उत्तर आलं. ‘थांबले, सर. फुफ्फुसं होती. एकेक नळी सावकाश वाचली.’