तिसऱ्या हौदाचं पाणी

माझ्या जिभेवर एक कंपनी चालते, असं सांगितलं तर माझा सख्खा भाऊसुद्धा हसेल. शालनच्या जिभेला हाड नाही, हे तो लहानपणापासून ऐकवत आलाय. पण खरंच चालते. चाकणच्या अलीकडे, कुरुळीच्या हद्दीत पत्र्याची एक शेड आहे. तिथे नारळाचा काथ्या आणि सिमेंट एकत्र दाबून बोर्ड करतात. आठ फूट लांब, चार फूट रुंद, खोलीत पार्टिशन घालायला नाहीतर छताखाली लावायला. वाळवी लागत नाही, लवकर पेट घेत नाही, असं आमच्या माहितीपत्रकात छापलंय. त्याच पानावर माझा फोटो आहे. डोक्याला रुमाल, हातात स्टीलची वाटी आणि चेहऱ्यावर असा भाव, की जणू गंगाजल पितेय.

मालक अजिंक्यसाहेब. ताथवड्याच्या कॉलेजातून इंजिनीअर झालेला पोरगा, वय जेमतेम तीस. सुरुवातीला त्याचे बोर्ड प्रेसमधून काढले की कोपरे गळून पडायचे. मग तो सिमेंटला शिव्या द्यायचा. तीन कंपन्यांचं सिमेंट बदलून झालं. मी तेव्हा तिथे झाडलोट करायचे आणि हे सगळं बघायचे. काथ्या यायचा कुठून, तर पिंपरी-चिंचवडभर जे शहाळी विकतात त्यांच्या टाकलेल्या साली गोळा करून. आता मी वेंगुर्ल्याकडची. आमच्याकडे नारळाची सोडणं, म्हणजे वरची सालं, महिनोन्‌महिने खाडीच्या पाण्यात कुजवतात, तेव्हा कुठे त्याचा काथ्या होतो. शहाळ्याची साल म्हणजे कोवळा माल, तिच्यात गोडी असणारच. एक दिवस मी धुतलेल्या पाण्यात बोट बुडवून चाखलं आणि म्हणाले, "साहेब, हे गोडसर लागतंय. सिमेंटात साखर गेली तर ते धरत नाही, हे कुठलाही गवंडी सांगेल. चार पुस्तकं शिकलात, हे नाही शिकवलं?"

बिचारा रागावला नाही. लगेच तीन हौद बांधून घेतले. काथ्या पहिल्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात धुवायचा. तिसऱ्या हौदातलं पाणी मी चाखायचं. साध्या पाण्यासारखं लागलं तर माल पुढे मिक्सरला, गोड नाहीतर कडवट लागलं तर पुन्हा धुवायचा. महिन्याभरात बोर्ड असे निघायला लागले की हातोडीने ठोकले तरी दाद देईनात. मोजणारं यंत्र आणायचं साहेबांच्या मनात होतं, पण शेड बघायला येणाऱ्या पाहुण्यांना यंत्रापेक्षा मीच आवडायला लागले. मी वाटी तोंडाला लावली की ते मोबाइल काढायचे. मग यंत्राचा विषय मागे पडला.

मला खुर्ची मिळाली. हसू नका. त्याआधी अकरा वर्षं मी एका कंपनीत रबराचे पार्ट तपासत होते, ठेकेदाराकडून, उभ्याने. अकरा वर्षांत तिथे माझं नाव कुणाला माहीत नव्हतं. "ए मावशी" एवढंच. इथे गळ्यात कार्ड आलं, त्यावर माझं नाव आणि खाली 'क्वालिटी' असं लिहिलेलं. मोशीहून चाकणला जाणाऱ्या बसमध्ये मी ते कार्ड मुद्दाम साडीवर दिसेल असं घालायचे. असं कौतुक मला आधी कधी मिळालं नव्हतं आणि ते मला सोसलं नाही, हे आज कबूल करते.

गणपतीत मला ताप आला. सांधे धरले, आठ दिवस अंथरुणात होते. ताप उतरला आणि सुनेने पेज दिली. मी म्हटलं, यात मीठ घातलंस का? ती म्हणाली, घातलंय की. मी वरून मीठ घेतलं, मग आणखी घेतलं, मग मुकाट्याने वाटी बाजूला ठेवली. साखर तोंडात टाकली तर नुसती वाळू. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू परत, काहींना वेळ लागतो. किती वेळ, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

कामावर पहिल्या दिवशी तिसऱ्या हौदाशी गेले, वाटी भरली, घोट घेतला. काहीच नाही. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हणाले, "अजून एक पाणी द्या." त्यात चुकण्यासारखं काही नव्हतं. जास्त धुतल्याने काथ्याचं काही बिघडत नाही. मग मी रोज तेच म्हणायला लागले. दोन महिने माझं निभावलं ते या एका वाक्यावर.

हौदांवर रुबीना होती. उदगीरकडची, पस्तिशीची, नवरा गॅरेजमध्ये मेकॅनिक. गुडघ्यापर्यंत बूट घालून दिवसभर ओल्या काथ्यात हात. कामाला वाघीण. दुपारी आम्ही दोघी एकत्र डबा खायचो. तिच्या भाजीला नावं ठेवणं हा माझा रोजचा उद्योग होता आणि तीही मला "सासूबाई" म्हणून चिडवायची. मला तिच्याविषयी माया होती. हे मी आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकल्यावर कुणाला ते पटायचं नाही.

दिवाळी झाली आणि खेडकडच्या एका अंगणवाडीची ऑर्डर आली. मोठा हॉल, मध्ये आमच्या बोर्डांचं पार्टिशन घालून दोन खोल्या करायच्या होत्या. घाई होती, आणि नेमका त्या आठवड्यात पाण्याचा टँकर दिवसाआड यायला लागला. साहेब माझ्याजवळ येऊन उभे राहिले. "ताई, हल्ली तुम्ही प्रत्येक बॅच परत पाठवता. आधी तीन पाण्यांत व्हायचं. प्रॉब्लेम काय आहे नक्की?"

त्यांनी साधाच प्रश्न विचारला होता. मला मात्र वाटलं, यांना कळलं. मी वाटी भरली, पाणी तोंडात घोळवलं, बाजूला थुंकले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "झालंय. घ्या मिक्सरला."

"ताई," हौदातून रुबीना म्हणाली, "हाताला चिकट लागायलंय बघा अजून. एक पाणी घालू का?"

सगळी शेड ऐकत होती. साहेब माझ्याकडे बघत होते. मी तिच्यावर खेकसले, "तुला चाखायला ठेवलंय का? तू हात चालव. मला शिकवू नकोस."

तिने काथ्या उपसून दिला. माल मिक्सरला गेला. सिमेंटात कालवला, पत्र्यांवर पसरला, प्रेसखाली दाबून दिवसभर ठेवला आणि मग तीन आठवडे त्यावर पाणी मारलं. वरून बोर्ड ठीकच दिसत होते. जरा काळपट होते, एवढंच. मी रोज येता-जाता त्यांच्यावर हात फिरवायचे आणि मनाची समजूत घालायचे, की दोन महिने जास्त धुतलं ते काय फुकट जाणार आहे! जणू बोर्डांनी आपापसांत ताकद वाटून घ्यायची असते.

डिसेंबर संपता संपता अंगणवाडीचं काम करणारा ठेकेदार आमचेच बोर्ड टेम्पोत घालून आला आणि काय झालं ते सांगितलं. अंगणवाडीच्या बाईंनी तक्ता टांगायला खिळा ठोकला, तर खिळ्यासकट बोर्डाचा बशीएवढा तुकडा हातात आला. दुसऱ्या दिवशी एक अख्खा बोर्ड स्क्रूमधून सुटून आडवा झाला. पोरं तेव्हा अंगणात खिचडी खात होती म्हणून वाचली. साहेबांनी टेम्पोतल्या बोर्डाचा कोपरा दोन बोटांनी दाबला आणि तो भुसभुशीत होऊन खाली पडला. आत सिमेंट धरलंच नव्हतं. नुसती राखाडी भुकटी आणि तिच्यात काथ्याचे मोकळे धागे.

साहेबांनी रजिस्टर मागवलं. त्या दिवसाच्या ओळीत धुणारी म्हणून रुबीनाचं नाव आणि पुढच्या रकान्यात माझी सही. त्यांनी आम्हा दोघींना ऑफिसात बोलावलं. ठेकेदार तिथेच खुर्चीत बसला होता, त्याला कुणीतरी दोषी हवं होतं.

"ताई," साहेब म्हणाले, "तुम्ही पास केलं तेव्हा पाणी बरोबर होतं ना?"

चव गेलीय साहेब, गणपतीपासून. एवढंच बोलायचं होतं. ते शब्द अगदी दातांपर्यंत आले होते. मग मला ते कार्ड दिसलं, माझ्याच गळ्यातलं, आणि अकरा वर्षांचं "ए मावशी" कानात वाजलं.

"मी चाखलं तेव्हा बरोबर होतं," मी म्हणाले. "नंतर काय झालं, मला माहीत नाही."

'नंतर' म्हणजे काय, ते तिथे सगळ्यांना कळलं. नंतर हौदावर एकटी रुबीनाच असते. न धुतलेला ढीग तिने धुतलेल्यात ढकलला असेल, घाईत असेल, आळसाने असेल. मी तसं म्हणाले नाही. तेवढी हुशारी माझ्या जिभेत अजून शिल्लक होती.

रुबीनाने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता बोलेल, सगळ्यांसमोर माझं खेकसणं काढेल. ती साहेबांना फक्त म्हणाली, "मी न धुता काई बी पुढं दिलं न्हाई." तिचं ते 'चिकट लागायलंय' साहेबांनीही ऐकलं होतं, पण माहितीपत्रकावर फोटो माझा होता. त्यांनी मान हलवली, ठेकेदाराकडे बघितलं आणि तिला म्हणाले, "उद्यापासून येऊ नका." तिने हौदाशी जाऊन बूट काढले, धुतले, भिंतीला उपडे लावून ठेवले आणि गेली. मी खुर्चीत बसून होते.

पुढच्या गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी, मी तिच्या घरी गेले. मनाशी ठरवलं होतं, सगळं सांगून टाकायचं, पाय धरायला लागले तर धरायचे. बसमध्ये वाक्यं पाठ केली होती. चाकणच्या बाजारामागे तिची खोली, दारात जुन्या टायरमध्ये लावलेली तुळस आणि पुदिना. नवरा गॅरेजवर गेला होता. मला बघून तिने पदर सावरला, म्हणाली, "या ताई, बसा." एकच खुर्ची होती ती मला दिली आणि स्वतः स्टोव्हकडे वळली.

तिची पाठ बघून माझी वाक्यं विरली. मी भलतंच बोलायला लागले. मोशीत माझ्या ओळखीचं एक कॅन्टीन आहे, तिथे शब्द टाकते, तुझ्यासारख्या बाईला कुणीही घेईल, साहेब कानाचा हलका आहे. साहेबाचं नाव घेताना मला लाज वाटली नाही. तिने चहाचा कप हातात दिला आणि समोर जमिनीवर बसली. मी दोन घोट घेतले.

"कसा झालाय?" तिने विचारलं.

"फक्कड," मी म्हणाले. "साखर जरा सढळ हाताने घातलीस, पण छान आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत राग असता तर बरं झालं असतं.

"साखर घातलीच न्हाई, ताई. मीठ घातलंय. चांगलं चमचाभर."

कप माझ्या हातात तसाच राहिला. बाहेर कुणीतरी भंगाराची गाडी ओढत ओरडत चाललं होतं.

"मला तवाच शंका आली होती," ती म्हणाली. "दिवाळीच्या आधी मी वांग्यात मीठ विसरले होते. तुमी रोज खोड काढणाऱ्या, अन् त्या दिवशी चाटूनपुसून खाल्लंत. मला वाटलं, बाईमाणूस आजारातून उठलंय, मनाला लावून घेतील, कशाला विचारा."

"रुबीना..." मी म्हणाले.

"मला सांगायचं हुतं की. मी आधी चाखून ठेवलं असतं. तुमी नुसती वाटी तोंडाला लावायची, मी हळूच मान हलवली असती. कुणाला कळलं बी नसतं. खुर्ची तुमचीच ऱ्हायली असती."

मला रडू फुटलं. मी डोळे पुसत म्हणाले, की उद्याच साहेबांना सगळं सांगते, तुला परत घ्यायला लावते, माझं काय व्हायचं ते होवो. बोलताना मला ते खरंच वाटत होतं.

तिने माझ्या हातातला कप काढून घेतला आणि मोरीत ओतला. मग शांतपणे म्हणाली, "नका सांगू. आता सांगून तुमची बी जाईल अन् मला बी ते घेणार न्हाईत. त्या ठेकेदाराला माझं नाव सांगून झालंय. ऱ्हाऊ द्या."

आणि हे ऐकताना माझ्या छातीवरचा दगड उतरला. लाज वाटायला हवी होती, जीव द्यावासा वाटायला हवा होता. मला फक्त सुटल्यासारखं वाटलं, आणि ते तिला माझ्या तोंडावर दिसलं. मी "बरं" म्हणाले आणि चपला घातल्या.