वाकड्या डोंग्याचं आवतण

मित्रांनो, शाळेतून येताना तुम्ही रघुनाथरावांच्या गोठ्यासमोरच्या ज्या लाकडी डोणीवर बसून पाय हलवता आणि फुटाण्यांची टरफलं आत टाकता, ती डोणी म्हणजे मी. पण खरं सांगू? मी डोणी नाही. मी एक जुना डोंगा आहे, एका खोडातून कोरलेली होडी. तुमच्यावर माझा राग नाही. गेली दोन-तीन वर्षं माझ्यातलं पाणी पिणाऱ्या म्हशींनाही हे ठाऊक नाही, तर तुम्हाला कुठून असणार?

माझा जन्म इथल्याच विहिरीवरचा. तिथे एक आंबा होता. त्याचा बुंधा आधी विहिरीवर झुकलेला आणि मग एकाएकी शुद्धीवर आल्यासारखा सरळ आभाळात गेलेला. तो झुकलेला भाग मी, आणि सरळ गेलेला भाग माझा भाऊ. भावाने पाखरं पाहिली, दूरची सातपुड्याची रांग पाहिली. माझं सगळं बालपण विहिरीत डोकावण्यात गेलं. दुपारी पाण्यात एक निळा तुकडा यायचा आणि त्यातून ढग हळूहळू सरकत जायचे. ते कुठे जातात, एवढंच मला कळून घ्यायचं होतं. लाकडाने असली स्वप्नं पाहू नयेत म्हणतात, पण पाणी समोर असलं की कुणाचा इलाज चालतो?

देश स्वतंत्र झाला त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात वावटळीने तो आंबा पडला. पुढे मोरेश्वर सुताराने त्याचे दोन डोंगे कोरले. सरळ खोडाचा लांबलचक डोंगा म्हणजे भाऊ. उरलेलं वाकडं लाकूड वाया जाऊ नये म्हणून त्याने मलाही कोरलं. मी आखूड, पोटाने फुगीर, दोन्ही टोकांनी वर उचललेला. शिवाय माझ्या पुढच्या टोकावर एक मोठी गाठ होती. तिच्यावर लाकूड तासायचा वाकस चालेना, म्हणून मोरेश्वराने ती तशीच ठेवली.

डोंगा हवा होता सरलाताईंसाठी. त्या या घरातल्या थोरल्या सूनबाई, माहेर कन्हानकाठच्या खाप्याचं. त्यांचे पती विनायक तापाने गेले, तेव्हा त्या अगदी तरुण होत्या. गावाला वाटलं, आता ही जन्मभर चुलीपुढे बसणार. पण त्यांचे सासरे रघुनाथराव यांनी त्यांना नागपूरला पाठवून मास्तरणीचं शिक्षण दिलं. लोक बोलले, ते त्यांनी या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडलं. मग नदीपलीकडच्या सालईढाना या पाड्यावर तालुक्याच्या जनपद सभेने शाळा काढली आणि सरलाताई तिथल्या पहिल्या शिक्षिका झाल्या. रघुनाथरावांची अट एकच होती: दिवस मावळायच्या आत सूनबाई घरी यायला हवी.

आठ महिने ही अट सहज पाळता यायची, कारण मधली घोगरी नदी तेव्हा गुडघाभर असते. पण पावसाळ्यात ती डोंगरावरून अशी घुरघुरत उतरते की तिचं हे नाव का पडलं ते विचारावं लागत नाही. पलीकडचा काठ कड्यासारखा उभा. चढून जायला जागा एकच, खालच्या वळणावर. म्हणजे वरच्या डोहातून डोंगा सोडायचा, काळ्या दगडांमधून उतारावरून खाली जायचं आणि वळणावर काठ धरायचा. शाळा तपासायला आलेल्या साहेबांनी सांगून ठेवलं होतं की पावसाळाभर शाळा बंद राहिली, तर ती दुसऱ्या गावाला द्यावी लागेल. शाळा गेली असती तर ताईंची चूल काही सुटली नसती.

डोंगा निवडायचं काम आलं रघुनाथरावांकडे. आता रघुनाथराव म्हणजे सौंसरच्या बाजारात बैलाची पारख करणारा माणूस. बैलाची नुसती चाल पाहून ते त्याची खोड सांगायचे. पंचक्रोशीत त्यांना विचारल्याशिवाय कुणी जोडी घेत नसे. मात्र डोंगा त्यांनी जन्मात घेतला नव्हता. आमच्याकडे सगळे कापूस-संत्र्यांचे लोक, त्यांना पाण्याशी काय काम? तेव्हा त्यांनी आम्हाला बैलासारखंच पाहिलं. आधी लांब उभं राहून, मग जवळ येऊन, मग पाठीवर थाप मारून.

"याची पाठ पाह्य कशी सुतात आहे," ते भावाला थोपटत म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "अन् हा? म्हाताऱ्या बैलावानी खचला आहे. त्यात कपाळाले गाठ. बैलाच्या कपाळी असा भोवरा असला तं तो धन्याले फळत नाही."

"मालक, दोन्ही एकाच आंब्याचे आहेत," मोरेश्वर म्हणाला. "पाण्याचं मले काही समजत नाही. मी लाकूड जाणतो."

सरलाताई दारात उभ्या होत्या. त्यांनी हळूच विचारलं, "मामाजी, घोगरीत लय दगडं आहेत. हा लांबडा वळन काय जी?"

"सूनबाई, सरळ चालणाऱ्याले वळायची गरजच काय?"

यावर सगळे हसले आणि माझं नशीब ठरलं. भाऊ नदीवर गेला आणि मी गोठ्यापुढे. उन्हाळ्यात माझ्यात पाणी ओतत, पावसाळ्यात चारा टाकत. मला फार वाईट वाटलं. बैल पाणी पीत तेव्हा माझ्यातलं आभाळ हलायचं, आणि मी डोळे मिटून समजायचो की मीच चाललो आहे.

आषाढात सरलाताई आणि बांबू धरणारा एक गडी यांना घेऊन भाऊ पहिल्यांदा पुराच्या पाण्यात उतरला. डोहात तो राजासारखा गेला. पण उतार लागला तसं पाणी त्याला एका दगडाकडे ढकलू लागलं. त्याचं तोंड फिरायला जागा हवी होती आणि घोगरीत जागा कुठली? पुढचं टोक एका दगडाला अडकलं, मागचं दुसऱ्याला, आणि तो प्रवाहात आडवा पडला. पाणी त्याच्यावरून वाहू लागलं. सरलाताई आणि तो गडी दगडाला धरून होते. रघुनाथरावांचा धाकटा मुलगा मुकुंद आणि चार गडी यांनी दोर टाकून त्यांना काढलं.

त्या संध्याकाळी ओसरीवर कुणी जेवलं नाही. माझं तोंड ओसरीकडेच होतं, म्हणून हे नदीवरचं आणि पुढचं सगळं मी ऐकलं.

"बस झालं, सूनबाई. शाळा गेली तं गेली. पोरगा गेला, आता तुले नाही जाऊ देत मी."

"पोट्टे वाट पाहून राहिले असतीन, मामाजी."

"पाहू दे. चार दिवसांनी विसरतीन."

ताईंनी शाळेची पिशवी खुंटीवर टांगली आणि त्या आत गेल्या. ती पिशवी मला गोठ्यापुढून दिसायची. ताईंकडे एक वेळ पाहवे, तिच्याकडे पाहवत नसे. भावाला पुढे बैलगाडीवर घालून खाप्याच्या घाटावर धाडलं. जाताना तो माझ्याशी बोलला नाही.

मग एका दुपारी डोंगरावर ढग फुटल्यासारखा पाऊस झाला आणि घोगरी थेट गोठ्यात आली. माणसं गुरं सोडायला धावली. सरलाताईंच्या सासूबाई, कलाबाई, यांनी बकरीचं एक पिल्लू कोरड्यात राहावं म्हणून सकाळीच माझ्यात ठेवलं होतं आणि त्याचं दावं माझ्या कपाळावरच्या गाठीला बांधलं होतं. कुणाच्या लक्षात यायच्या आत पाणी माझ्या खाली शिरलं आणि मी उचलला गेलो.

मित्रांनो, ते कसं होतं हे मला नीट सांगता येणार नाही. इतकी वर्षं जे मी फक्त वरून पाहिलं होतं, ते आता मला सगळीकडून धरून होतं. भिंत गेली, चिंच गेली, डोह आला. उतार लागला तेव्हा मी घाबरलो नाही, कारण मला काही करायचंच नव्हतं. दगड आला की पाणीच त्याच्या बाजूने वळायचं आणि माझं फुगीर पोट त्याच्याबरोबर वळायचं. उंचावरून खाली पडलो की माझं वर उचललेलं तोंड पुन्हा पाण्यावर यायचं. एकदा मी पूर्ण गोल फिरलो आणि आभाळही फिरलं. ढग कुठे जातात ते मला त्या क्षणी कळलं, असं वाटलं. पिल्लू मात्र सारखं ओरडत होतं. त्याला ढगांत गोडी नव्हती.

खालच्या वळणावर सालईढान्याची मुलं पूर पाहायला उभी होती. त्यांनी मला ओढून घेतलं, पिल्लू सोडलं आणि अलीकडच्या काठावर धावत आलेल्या कलाबाईंना दिसावं म्हणून डोक्यावर धरून नाचवलं. कलाबाईंच्या मागे सरलाताई होत्या. त्या पिल्लाकडे पाहत नव्हत्या. त्या माझ्याकडे पाहत होत्या.

पाणी ओसरल्यावर मला परत आणलं. ताई म्हणाल्या, "मामाजी, हाच."

"त्याच्या कपाळाले गाठ आहे," रघुनाथराव पुटपुटले.

"त्याच गाठीले बांधलं होतं, म्हणून तं माझं पिल्लू वाचलं," कलाबाई म्हणाल्या. "भोवरा धन्याले फळत नसन, बकरीले तं फळला."

रघुनाथराव बराच वेळ माझ्याभोवती फिरले. थाप मारली नाही. मग धोतर वर खोचून म्हणाले, "मंग आधी मी बसतो. मी पोचलो तं सूनबाई जाईन."

त्यांना पोहता येत नव्हतं, हे साऱ्या गावाला माहीत होतं. मुकुंदाने अडवलं, तर त्यालाच त्यांनी बांबू हातात देऊन मागे बसवलं. स्वतः पुढे बसले आणि माझी गाठ दोन्ही हातांनी धरली. उतारावर ते मारुतीचं नाव घेत होते. दगड आले तसे त्यांनी डोळे मिटले. वळणावर लागलो तरी उघडेनात.

"बाबा, आलो," मुकुंद म्हणाला.

त्यांनी एक डोळा उघडला. काठावर मुलं रांगेत उभी होती, आणि त्यातली एक चिमुरडी, उर्मिला, पाटी छातीशी धरून विचारत होती, "आजोबा, बाई नाही आल्या?"

रघुनाथराव उतरले, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "येऊन राहिल्या, माय. उद्यापासून रोज येतीन."

तेव्हापासून मी शाळेचा डोंगा झालो. पुढच्या पावसाळ्यापर्यंत सरलाताई स्वतः बांबू धरायला शिकल्या. मला फक्त जरासं वळवायचं आणि बाकी पाण्यावर सोडायचं, हे त्यांना लवकर समजलं. संध्याकाळी त्या खालच्या वळणावरून या काठाला लागत आणि चौघं जण मला खांद्यावर घेऊन वर आणत. भावाला आणायला अर्धं गाव लागलं असतं. आखूड असण्याचेही फायदे असतात.

त्या पहिल्याच वर्षी पोळा आला. तुम्हाला माहीतच आहे, आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्याला हळद-लोणी लावतात. राबून राबून सुजलेला खांदा शेकतात आणि बैलाला म्हणतात, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. रघुनाथरावांनी सगळ्या बैलांचे खांदे शेकले. मग वाटी घेऊन ते माझ्यापाशी आले. इकडेतिकडे पाहिलं. लोणी माझ्या गाठीवर चोळलं आणि हळू आवाजात म्हणाले, "आज आवतण घ्या, उद्या जेवायले या." दुसऱ्या दिवशी तोरणाखाली बैलांच्या ओळीत शेवटी मी होतो, पाठीवर झूल घालून. लोक हसले. ते त्यांनी या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडलं. पुढे दरवर्षी ते आवतण मला मिळत राहिलं.

मग राज्यं नव्याने बसवली गेली. नागपूर आमची राजधानी होती, ती राहिली नाही. खापा तिकडच्या राज्यात गेलं आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो. ओसरीवर लोक वाद घालत, काहींच्या डोळ्यांत पाणी येई. ताईंचं माहेर परराज्यात गेलं आणि माझा भाऊही. मला त्याची फार आठवण आली. तो वाईट नव्हता. त्याचं पाणी वेगळं होतं, एवढंच. कन्हानच्या रुंद पात्रात तो गाड्याच्या गाड्या माल नेतो आणि लोक त्याची पाठ थोपटतात, असं ऐकतो. मी स्वतःची समजूत घातली. घोगरी जामला मिळते, जाम कन्हानला. माझ्या पोटाखालून गेलेलं पाणी आज ना उद्या त्याच्या पोटाखालून जाणारच.

ताईंचे भाऊ वसंतराव न्यायला आले होते. "ताई, तिकडं चल. आपल्या राज्यात. पक्की सडक आहे, शाळेत जायले डोंगा लागत नाही."

"डोंगा लागते म्हणून तं इथं कोणी दुसरं येत नाही, वसंता," ताई म्हणाल्या. त्या राहिल्या.

नंतर घोगरीवर रपटा, म्हणजे बुटका पूल, झाला, तोच ज्याच्यावरून तुम्ही रोज उड्या मारत येता. चांगली गोष्ट झाली. मी पुन्हा गोठ्यापुढे आलो. मागच्या हिवाळ्यात रघुनाथराव गेले. या उन्हाळ्यात सरलाताई बढतीवर पांढुर्ण्याच्या मोठ्या शाळेत गेल्या. जाताना त्यांनी माझी गाठ दोन्ही हातांनी धरली होती, मामाजींनी धरली होती तशी. आणि तुमची नवी बाई, ती पाटीवाली उर्मिलाच आहे. शिकून आली आणि तिने हीच शाळा मागून घेतली. एकदा सालईढान्याच्या मुलांना विचारून पाहा, बाई नाही आल्या, असं विचारायची वेळ आता कुणावर येते का? माझ्या जन्माचं सार्थक तेवढ्यात झालं.

आता मला तडे गेले आहेत. करंजाचं तेल लावायचं कुणाला सुचत नाही. त्याची तक्रार नाही. तुम्ही मोठे व्हाल, तुम्हालाही कुणाला तरी निवडावं लागेल, कामाला, सोबतीला. तेव्हा नुसती पाठ पाहून ठरवू नका. ज्या पाण्यात त्याला जायचं आहे, त्या पाण्यात एकदा सोडून पाहा. आणि ज्याने तुम्हाला पैलतीरी नेलं, त्याला पूल झाल्यावर विसरू नका.

उद्या पोळा आहे. आज संध्याकाळी मुकुंदराव बैलांचे खांदे शेकतील. त्यांना घाई असते, ते माझ्यापर्यंत येणार नाहीत. पण वाटीच्या तळाशी थोडं लोणी उरतं, आणि तुम्ही तर अंगणातच खेळत असता. काय म्हणायचं असतं ते तुम्हाला आता माहीत आहे. गाठीवर बसलेली धूळ मी पुसून ठेवली असती, पण मला हात नाहीत.