दोघींसाठी हवा

सासरच्या जुन्या घरातल्या बुरशीने हेल्मीच्या नवऱ्याची फुप्फुसं गेली, आणि तोही गेला. फिनलंडमधल्या औलू शहराजवळ नवं घर बांधताना तिने हवा खेळती ठेवणाऱ्या यंत्राचा आराखडा करायला मला बोलावलं.

मी विचारलं, "झोपायच्या खोलीत माणसं किती? हवा माणशी मोजतात."

"दोन."

मुलगा ओस्मो हळूच म्हणाला, "आई, बाबा आता नाहीत गं."

"ठाऊक आहे रे. तुझी आत्या अजून त्याच घरात खोकत बसलीय. तिला आणणार आहे."

"ती वीस वर्षं तुझ्याशी बोलत नाही!"

"नाही बोलली तरी श्वास तर घेईल."

मी दोन लिहिलं. ऑक्टोबरात आत्या आली. हेल्मीने दारातच तिचा कोट उतरवून घेतला.