अंबुबाईची जोडी

सुमनताईंचे उपकार अंबुबाई कधी विसरली नाही, आणि सुमनताईंना तर उपकार हा शब्द काढला की राग यायचा. येरवड्याच्या तुरुंगातून सुटलेल्या बायकांना कुठंतरी कामाला लावायचं, हा त्यांचा उद्योग. त्या लांबून येताना दिसल्या की पुण्यातले भलेभले रस्ता बदलत.

अंबुबाई करमाळ्याकडची. अंगावर आलेल्या दिराला तिनं खुरप्यानं अडवलं, तो मेला, आणि ही सात वर्षं आत गेली. सुटली तेव्हा न्यायला माहेरचं काळं कुत्रंही आलं नाही. सुमनताई आल्या. त्यांनी तिला कासारवाडीत खोली पाहून दिली आणि पिंपरीला नव्या उभ्या राहिलेल्या कारखान्याच्या कँटीनमध्ये भाकऱ्या करायला लावलं.

कँटीनचे मुकादम दौलतराव. त्यांना सुमनताईंनी सगळं खरं सांगितलं होतं. माणूस वाईट नव्हता, पण भित्रा. "माझी ना नाही," ते म्हणाले, "पण बायकांना कळलं आणि त्या बिथरल्या, तर मला हिला ठेवता यायचं नाही."

म्हणून अंबुबाई तोंड मिटून भाकरी थापत राहिली. संध्याकाळी खोलीवर गेली की आतून कडी लावायची, पुन्हा काढायची, पुन्हा लावायची. केवढं सुख! दाराची कडी आपल्या हातात असणं म्हणजे काय, ते तुम्हाआम्हाला कळायचं नाही.

एक दिवस दुपारी कारखान्याचे मोठे साहेब स्वयंपाकघर बघायला आले. बरोबर नवा दरवान, अंगात खाकी, हातात दांडकं. बायकांनी पदर सारखे केले. अंबुबाईनं मात्र खाकी पाहिली, हातातली परात टाकली आणि ती मटकन उकिडवी बसली. हात गुडघ्यांवर, मान खाली. तुरुंगात मोजणी अशीच होते, जोडीजोडीनं बसवून. देह काही मालकिणीला विचारून बसला नाही.

बसल्यावर तिला कळलं, आपण काय करून बसलो ते. पण उठता येईना.

शालनबाईचा नवरा पोलिसात, तिनं ती बैठक बरोबर ओळखली. "अगं बाई, ही तर तुरुंगातली!" ती तव्यापासून ओरडली. दौलतराव पांढरेफटक पडले. गेली नोकरी, अंबुबाईला वाटलं.

तेवढ्यात गोजाबाई चुलीपासून उठली. गोजाबाई पिंपरी गावातल्या जुन्या शेतकरी घरातली. तिच्या तोंडाला दौलतरावही टरकून असत. ती कण्हत कण्हत आली आणि अंबुबाईच्या शेजारी तशीच उकिडवी बसली.

"मोजा," ती साहेबांकडं बघून म्हणाली. "जोडी झाली."

साहेब गोंधळले. "हे काय चाललंय?"

"आमचं म्हातारं बेचाळीसला आत व्हतं. सुटून आलं, तरी दारात शिपाई दिसला की आसंच बसायचं. मी शेजारी बसायची, तवा कुठं उठायचं."

"ते देशासाठी गेले होते, गोजाबाई," शालनबाई म्हणाली. "हिनं काय केलं, ठाऊक हाय का?"

"न्हाई ठाऊक. इचारणार बी न्हाई. शिक्षा भोगून झाली न्हवं? मग करू दे की तिला भाकरी. तुझी करपतीय बघ."

शालनबाईनं नाक मुरडलं, पण वळली तव्याकडं. साहेबांनी दौलतरावांना विचारलं, "बाई कामाला कशी आहे?"

दौलतराव पुढं झाले. "चांगली आहे, साहेब. मीच घेतलीय. सगळं ठाऊक असून घेतलीय."

"मग राहू द्या," म्हणत साहेब दरवानाला घेऊन पुढं गेले.

अंबुबाईचे डोळे भरून आले. सुमनताई, दौलतराव, ही म्हातारी. कुणाकुणाचे पाय धरावेत?

"रडणं मागनं," गोजाबाई म्हणाली. "आदी तू ऊठ, आन् मग मला उठीव. गुडघं धरलं माझं, मला एकटीला उठवायचं न्हाई."

अंबुबाई उठली, आणि दोन्ही हात पुढं करून तिनं म्हातारीला उभं केलं.